अकरा पांढरे खुंट

थॉर्बी,
१४ जानेवारी २०२३

प्रिय डोरीन,

नाताळचं कार्ड पोचलं. दरवर्षीप्रमाणे मेंढी, मेंढीमागे समुद्र, आणि आत फक्त तुझी सही. अक्षर अजून खणखणीत आहे, म्हणजे हात बरे आहेत असं धरून चालतो. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतो बदलून घ्या. मी म्हणतो पासष्ट वर्षं चाललाय, अजून पाच चालेल. तुझी भाची जॅनिस लीड्सला मजेत आहे, दर रविवारी फोन करते. माझ्या ग्लेनिसला जाऊन सहा वर्षं झाली, तिचे गुलाब यंदाही मीच वेडेवाकडे छाटले.

एवढं लांब पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. तू ईमेल ठेवत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तू हसशील, पण मी अजून सैनिक खेळतो. लहानपणी बिस्किटाच्या डब्यात पंचवीस-तीस होते, आता चार हजारांच्या वर आहेत. शिशाचे, बोटाच्या पेराएवढे. एकेकाचं जाकीट भिंग लावून रंगवलंय. टाळेबंदी संपता संपता मी पत्रांवर चालणारी एक मोहीम सुरू केली, ती दीड वर्ष चालू आहे. साल १६४४, इंग्लंडमधली यादवी, एका बाजूला राजाची फौज, दुसऱ्या बाजूला पार्लमेंटची. खेळणारे आपापल्या देशात घरी बसतात आणि दर पंधरा दिवसांनी ईमेलनं हुकूम पाठवतात: अमुक घोडदळ तमुक पुलाकडे न्या, रसदेच्या गाड्या मागे ठेवा. मी पंच. सगळ्यांचे हुकूम फक्त मी वाचतो, जेवणाच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर सैनिक हलवतो, फासे टाकतो, फोटो काढतो, आणि ज्याच्या शिपायांना जेवढं दिसलं असतं तेवढंच त्याला कळवतो. पंचानं कमी सांगावं, पण खोटं सांगू नये. बाकी नियमांचं पुस्तक जाडजूड आहे; मी एवढा एकच मनापासून मानतो.

पार्लमेंटचं घोडदळ मारायकेकडे आहे. ती ग्रोनिंगनला दातांची डॉक्टर आहे, आणि पेशंटच्या तोंडात घुसावं तशी मुलखात घुसते. राजाचं पायदळ आयरिककडे, तो नॉर्वेत फेरीबोटीवर इंजिनियर. त्याचं पायदळ इतकं सावकाश चालतं की वाटेत शेती करत असावं. आमचा जुना पोस्टमन बर्नार्ड दर गुरुवारी चहाला येतो आणि फासे बरोबर टाकले की नाही ते बघतो.

मुलूख मात्र नवा कुठून आणायचा? तेहतीस वर्षं पाणी-निचऱ्याच्या कचेरीत नकाशे काढले, हाताला दुसरा मुलूख येतच नाही. गावांची नावं बदलली आहेत, पण तू बघताक्षणी ओळखशील. बाबांचं पंपघर, आपलं घर, पलीकडे बसचा थांबा, मधे दलदल.

आता गंमत ऐक. दोन्ही फौजांमधली सगळ्यांत जवळची वाट त्या दलदलीतून जाते. दीड वर्षात तिथे कोणी पाऊल ठेवलेलं नाही. मारायके म्हणते घोडे जड आहेत. आयरिक म्हणतो तिथे चारा नाही. कारणं ठीकच आहेत. पण टेबलाचा तेवढाच चौकोन इतका स्वच्छ राहिलाय की धूळ पुसायला गेलो तरी हात आखडतो.

खरी दलदल आता एका निसर्गसंस्थेनं घेतली आहे. जुने चर बुजवून उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा पाणी सोडणार, पक्ष्यांसाठी. बर्नार्ड म्हणतो, "जन्मभर पाणी उपसायचा पगार खाल्लास, आता भरायचाही घे."

नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. पंपघराची बाजू बरोबर आली आहे का, बघशील? तुझी आठवण माझ्यापेक्षा चांगली. उत्तराची घाई नाही.

क्लाइव्ह


थॉर्बी,
२६ फेब्रुवारी २०२३

प्रिय डोरीन,

पाकीट मिळालं. थंडी बरी आहे, बर्फ पडलं नाही, गुडघा तसाच. झालं हे लिहून. आता जे लिहायचं ते क्रमानं लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

जानेवारीत एक नवी खेळाडू आली, नूआला क्रेगन. लिमरिकची, जन्मभर सुईणपण केलेली बाई. आयरिकच्या हाताखाली तिला तीनशे बंदूकवाले दिले. आधीचा पत्रव्यवहार तिनं वाचलेला नव्हता. मी तिला फक्त नकाशा आणि टेबलाचा एक फोटो पाठवला. तिचा पहिलाच हुकूम असा आला: "माझी माणसं वळसा घालून न्यावीत. दलदलीतून नको. तिथले पांढरे खुंट पाण्यात नेतात."

नकाशावर खुंट नाहीतच, डोरीन. तू पाहिला आहेस. पायवाट मी तुटक रेघेनं दाखवली आहे, बस.

मी टेबलापाशी गेलो. दलदल केली आहे जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर वाळवलेला चहाचा चोथा चिकटवून. त्या चोथ्यात दात कोरायच्या काड्या टोचलेल्या होत्या. टोकं तासलेली, पांढरा रंग दिलेला. पायवाट जिथे उजवीकडे वळते तिथे त्या डावीकडे वळत काळ्या डोहाकडे गेल्या होत्या. मोजल्या. अकरा.

गुरुवारी बर्नार्ड आला. चहाचा कप हातात देऊन विचारलं, "हे काय आहे?"

"काड्या."

"कुणी लावल्या?"

तो हसला. "म्हाताऱ्या, कुणी म्हणजे? तूच. डिसेंबरात. मी ह्याच खुर्चीवर होतो. तू रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणाबद्दल कटकट करत होतास आणि चाकूनं काड्या तासत होतास. मी विचारलं, कुंपण का रे? तू म्हणालास, कुंपण नाही, फसवायला."

"असं म्हणालो?"

"दोनदा म्हणालास." मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि कप खाली ठेवला. "क्लाइव्ह, तुला खरंच आठवत नाही?"

त्याच्या आग्रहाखातर डॉक्टरकडे जाऊन आलो. शंभरातून सात-सात वजा केले, घड्याळाचं चित्र काढलं, पाच शब्द लक्षात ठेवले. डोकं शाबूत आहे म्हणे.

मग मी दीड वर्षाची माझीच पत्रं उघडली. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की तिथे कोणी जात नाही. ते खोटं निघालं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मारायकेनं सहा स्वार टेहळणीला धाडले होते. मी तिला कळवलं, दाट धुकं, स्वार परत आले. मे महिन्यात आयरिकनं वाटाड्या शोधायला सांगितलं. मी कळवलं, कोणी यायला तयार नाही. ऑगस्टात पुन्हा धुकं. ऑगस्टात, डोरीन! असं पाच वेळा. प्रत्येक वेळचे फासे मी एका वहीत टिपून ठेवतो. या पाच वेळांची वहीत नोंदच नाही. फासे टाकलेच नव्हते. कोणी तिकडे जात नव्हतं, कारण मी कोणाला जाऊ देत नव्हतो, आणि हे माझं मलाच माहीत नव्हतं.

आणि मंगळवारी तुझं पाकीट आलं. आत माझाच नकाशा घडी घालून, चिठ्ठी नाही. पंपघराला तू हातही लावलेला नाहीस. फक्त दलदलीत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. मी नकाशा टेबलावर नेऊन काड्यांच्या शेजारी धरला. अकरा आणि अकरा. डावीकडे वळण, त्याच जागी.

छप्पन्न वर्षं मी समजत होतो की हे जगात एकट्या मला माहीत आहे.

तर ऐक. तुला माहीत असलं तरी माझ्या तोंडून ऐक. १९६६ चा नोव्हेंबर, शनिवार. आई घर सोडून गेल्याला आठ महिने झाले होते. मी दलदलीत एकटाच लढाई खेळत होतो. शत्रूला डोहात बुडवायचं म्हणून पायवाटेवरचे वाट दाखवणारे पांढरे खुंट उपटले आणि दुसरीकडे ठोकले. अकरा उपटले, मग दमलो. तू चहाला हाक मारलीस. रविवारी तापानं पडलो, आणि सोमवारी तू मला सडकेनं दूधवाल्याच्या गाडीतून शाळेत पाठवलंस, कारण धुक्यात हाताचा पंजा दिसत नव्हता. मंगळवारी खुंट नीट करायला गेलो तर सगळे जागच्या जागी. सरळ रांगेत. एकही हललेला नाही. मी तिथेच उभा राहिलो. मला वाटलं दलदलीनंच ते परत लावले. किती तरी वर्षं मला तसंच वाटत होतं, आणि ते बरं होतं.

पण त्याच शुक्रवारी आपण दुकानात होतो. बसचा ड्रायव्हर तुला म्हणाला, "सोमवारी तुमच्या आईला थांब्यावर सोडलं. अकराच्या फेरीला परत यायची होती, मी पाच मिनिटं थांबलो, आली नाही." तू म्हणालीस, "आली होती. चहा घेऊन लॉरीनं गेली." तुझ्या हातात माझा हात होता. तू तो इतका दाबलास की नखं काळीनिळी झाली. मी काही विचारलं नाही. तुला कधीच काही विचारलं नाही. तू अठराव्या वर्षी उत्तरेच्या त्या बेटावर निघून गेलीस तेव्हाही नाही.

खुंट मी हलवले होते, डोरीन. आता फोन कर किंवा करू नकोस.

क्लाइव्ह


थॉर्बी,
२० मार्च २०२३

प्रिय डोरीन,

तुझ्याकडे वारा सुटला असेल, कारण त्या दिवशी फोनची लाइन सारखी तुटत होती. म्हणून जे ऐकलं ते खाली लिहितो आहे. चुकलं असेल तिथे खोड आणि कागद परत पाठव. पोलिसांना तू तुझं सांगशीलच. पण आपल्या दोघांत तरी एक शब्द इकडचा तिकडे राहू नये.

मी फोन उचलला. तू नावही सांगितलं नाहीस. म्हणालीस, "खुंट मी परत लावले."

मी म्हटलं, "म्हणजे ड्रायव्हरला तू माझ्यासाठी खोटं सांगितलंस."

"लॉरी खोटी. बाकी खरं. ती आली होती, क्लाइव्ह. घरात आली होती."

तू थांबली नाहीस.

"नऊ वाजता दार वाजलं. धुकं म्हणून लांबच्या सडकेनं चालत आली होती. हिरवी टोपी होती डोक्याला. म्हणाली, तुम्हाला दोघांना न्यायला आलेय, स्कारबरोला खोली घेतलीय, दोन खिडक्या आहेत. मी पीठ मळत होते. हात पिठातून काढले नाहीत. म्हटलं, आठ महिने क्लाइव्हची ओली अंथरुणं कोणी धुतली? शाळा कोणी सोडली? म्हटलं, तू नकोयस आम्हाला."

"मग?"

"चहा प्यायली. कप मी धुतला, म्हणून लक्षात आहे. म्हणाली, क्लाइव्ह येईपर्यंत थांबते, त्याला नुसती बघून जाते. मी म्हटलं, तो तुझं नावसुद्धा काढत नाही."

हे खरं नव्हतं. मी रोज रात्री काढत होतो, आणि तुलाच ते ऐकावं लागत होतं. फोनवर मी हे बोललो नाही, आता लिहितो.

"आणि मग मीच म्हटलं, पायवाटेनं जा. अकराची बस मिळेल."

इथे लाइन तुटली. मला वाटलं तू फोन ठेवलास. दहा मिनिटांनी पुन्हा वाजला.

"पीठ फुगायला ठेवलं आणि मला राहवेना. परत बोलवावं म्हणून धावले. धुकं थोडं उठलं होतं. खुंट भलतीकडे चालले होते, आणि त्यांना तुझी फडकी बांधलेली, झेंडे म्हणून. मला कळलं हे कोणाचं काम. शेवटच्या खुंटापलीकडे टोपी पाण्यावर होती. बाकी काही नाही. पाणी सपाट. मी हाका मारल्या. मग फडकी सोडली, खुंट उपटले, परत जागेवर ठोकले, घरी येऊन फडकी चुलीत घातली. पाव भाजला. तू आलास तेव्हा गरम होता."

"तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आठ वर्षांच्या पोरानं आई बुडवली म्हणून? जन्मभर गाव तेच म्हणालं असतं. आणि तिला त्या वाटेनं कोणी धाडलं, ते कोणी विचारलंच नसतं. विचारायला पाहिजे होतं."

बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की तिचं मन बदललं, ती राहायचीच नव्हती. तू एवढं ओझं घेऊन त्यांना दर रविवारी भाजलेलं मांस वाढत होतीस. मी समोर बसून जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. सार्जंट हेब्डन नावाच्या बाई आहेत, जॅनिसच्या वयाच्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्टर स्टॅदर्स, आठ वर्षांच्या मुलाला कायदा काही म्हणत नाही."

मी म्हटलं, "कायद्यानं काही म्हणावं म्हणून नाही आलो. पाणी सोडायच्या आत खणा, म्हणून आलो."

त्यांनी तुझा नकाशा मागून घेतला. निसर्गसंस्थेनं पाण्याचं काम थांबवलं आहे. ईस्टरनंतर खणतील.

खेळाचंही सांगितलं पाहिजे. मी हे सगळं करून घरी आलो तर मारायकेचा हुकूम येऊन पडला होता: "क्लाइव्ह, दीड वर्ष तू मला त्या दलदलीपासून हाकलतो आहेस. काय लपवलं आहेस ते बघायला या खेपेला अख्खं घोडदळ पाठवते आहे. सहाशे स्वार. धुक्याची थाप मारू नकोस, मी हॉलंडची आहे, मला धुकं कळतं."

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मग तिघांनाही एकच पत्र लिहिलं. सुरुवात नेहमीसारखी केली: स्वार डोहाच्या काठाशी आले, घोडे पुढे जाईनात. त्यानंतर मला लढाईची भाषा सुचेना, म्हणून साध्या भाषेत लिहिलं. तुझं नाव घातलं नाही. पाच वेळा खोटं सांगितलं त्याची माफी मागितली.

आयरिककडून एक ओळ आली: "माझं पायदळ या महिन्यात कुठेही जाणार नाही." मारायकेनं नवा हुकूम धाडला: घोडदळ मागे, लांबच्या सडकेनं. त्यात तिच्या ताब्यातला पूल जातो, मोहीमही बहुतेक जाते. तिला ते माझ्याइतकंच कळतं.

नूआलाचं उत्तर मात्र मी दोन वेळा वाचलं. तिनं आधी मायेनं लिहिलं, सुईणी लिहितात तसं. मग खाली: "एक विचारते, राग मानू नका. तो फोटो माझ्या संगणकावर उघडलाच नव्हता, अजूनही उघडत नाही. खुंटांचं तुम्हीच कळवलं होतं ना?"

मी तिला लिहिलेला शब्द न् शब्द तपासला. नव्हतं कळवलं. बर्नार्डलाही दाखवलं. त्यानं ते वाचलं आणि टोपी घालून चहा न घेताच गेला. याचं काय करायचं मला कळत नाही, म्हणून तुला सांगून ठेवतो.

ये, डोरीन. तुझी खोली झाडून ठेवतो.

क्लाइव्ह


थॉर्बी,
२ जून २०२३

प्रिय डोरीन,

सुखरूप पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. बोट हलली म्हणतेस. आल्याचं बिस्कीट खायचं होतंस.

दफनाच्या दिवशी माणसं थोडी होती, पण बरी होती. बर्नार्डनं कोट इस्त्री केला होता हे तू पाहिलंस का? चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तू ती हिरवी टोपी पिशवीतून काढून पेटीवर ठेवलीस तेव्हा सार्जंटबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मलाही ठाऊक नव्हतं की ती तुझ्याकडे आहे.

स्टेशनवर तू विचारलंस, "कशी दिसत होती?" तेवढ्यात गाडी आली, आणि खरं सांगायचं तर गाडी आली म्हणून मला हायसं वाटलं. तू शवागारात आली नाहीस, ते बरंच केलंस. पण विचारलंस तर सांगायलाच हवं. बसून लिहितो.

तुझ्या अकराव्या रेघेपासून चार पावलांवर सापडली. लाकडी फळ्या अंथरून त्यावरून यंत्र नेलं होतं. दोन दिवस नुसती काळी माती निघाली, केकसारखी कापलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालवणाऱ्यानं हात वर केला आणि यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं. टिटवी ओरडत होती तीही थांबली. पुढचं त्यांनी हातांनी केलं. आम्हाला लांब उभं केलं होतं. बर्नार्ड माझ्या बाहीला धरून होता, मी खाली पडेन म्हणून की तो पडेल म्हणून, कोण जाणे.

चार दिवसांनी सार्जंटबाईंनी शहरातल्या शवागारात बोलावलं. दाराशी थांबवून म्हणाल्या, "मन घट्ट करा. त्या मातीत माणूस कुजत नाही. हाडापेक्षा मांस टिकतं. तुम्ही म्हातारी व्यक्ती डोळ्यांसमोर धरली असेल तर ती आत नाहीये."

मी म्हटलं, "मला कळतं." मला कळलेलं नव्हतं.

कातडी घोड्याच्या जुन्या खोगिरासारखी, तपकिरी, चकचकीत. केस तिचे काळे होते ना? आता तांबडे आहेत, मातीनं तसे होतात. पापण्यांचे केससुद्धा शाबूत आहेत. लोकरीचा कोट होता, गळ्याशी एक बटण लावलेलं. खालचा ओठ तिनं दातांत धरला होता, तू सुईत दोरा ओवताना धरतेस तसा. भीती दिसत नव्हती. एखादं अवघड काम मन लावून करताना माणूस दिसतं, तशी दिसत होती. तोंड कुठल्या दिशेला होतं, हे तुझ्यासाठी मी विचारलं. घराकडे की सडकेकडे? बाई म्हणाल्या, "माती इतक्या वर्षांत सरकते. त्यावरून काही धरू नका." मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं: घराकडे. तू हे हवं तसं घे. मी अजून ठरवलेलं नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे, आणि ते तोंडानं मला कधी जमलं नसतं.

ती लहान होती, डोरीन. तेहतीस वर्षांची. आपल्या जॅनिसपेक्षा लहान. इतकी वर्षं मी एका मोठ्या बाईला घाबरत होतो, जी एक दिवस येऊन विचारेल, का रे, असं का केलंस? आणि तिथे पांघरुणाखाली एक पोरगी होती. हात इवलेसे. नखं कातरलेली. कुणीतरी तिला घरी सोडायला हवं होतं, इतक्या धुक्याचं एकटीला जाऊ द्यायला नको होतं, असं मला वाटलं. एखाद्या बापाला वाटावं तसं.

बाई म्हणाल्या, "काही बोलायचं असेल तर मी बाहेर थांबते." त्या गेल्या. मी वाकलो. आई म्हणायचं म्हणून तोंड उघडलं. गेल्या छप्पन्न वर्षांत तो शब्द मी तिला उद्देशून उच्चारला नव्हता, आणि तो आलाच नाही. तोंडातून निघालं ते असं: "चल पोरी, उशीर झाला."

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला लिहून कळव. किंवा नको. पण या खेपेला कार्ड नको, पत्र लिही. जुलैत मी येतो, बर्नार्डला घेऊन. त्याला बोट लागते, तेव्हा बादली तयार ठेव.

तिच्याहून बत्तीस वर्षांनी मोठा झालेला तिचा मुलगा, आणि तुझा धाकटा,
क्लाइव्ह